बाटलीतले औषध आणि पंपातले औषध

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील भीमा-घोडच्या पट्ट्यात ऊस हे मुख्य पीक आहे. त्यासाठी निरोगी बेणे मिळावे म्हणून टिश्यू कल्चरची, म्हणजे ऊतिसंवर्धित रोपे उपयोगी पडतात. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्येही अशी रोपे तयार होतात. ही रोपे ‘केमिकलच्या बाटलीत’ वाढतात, मग त्या उसाचा रस, गूळ बाधणार नाही ना, अशी शंका अनेकांना येते.

उसाच्या शेंड्याचा बारीक तुकडा कापला की कापलेली जागा काळी पडू लागते. पेशींतील फिनॉल द्रव्यांवर पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, काम करू लागते. रसवंतीतला रस ठेवल्यावर काळपट होतो, तोही यामुळेच. रसात लिंबू पिळले की हे काळे पडणे मंदावते. प्रयोगशाळेतही तेच करतात: तुकडा सायट्रिक आणि अॅस्कॉर्बिक आम्लाच्या, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाच्या, द्रावणात बुडवतात. विकराला आवर घालणाऱ्या अशा द्रव्यांना विकररोधक म्हणतात. मात्रा कमी पडली तर तुकडा काळा पडून मरतो. जास्त झाली तर वाढ खुंटते, आणि आम्ल फार झाले तर आगरचे माध्यम घट्टही होत नाही.

ही लिंबातली द्रव्ये तुकड्याला सुरुवातीलाच दिली जातात. पुढे रोप मातीत जाते आणि ऊस वर्षभर शेतात वाढतो. त्यामुळे या उसाच्या रसाची किंवा गुळाची भीती बाळगण्याचे कारण नाही.

काळजी घ्यायची ती पाठीवरच्या पंपातल्या विकररोधकाची. क्लोरपायरीफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशके किडीच्या मज्जासंस्थेतील अॅसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर बंद पाडतात. माणसाच्या शरीरातही हेच विकर असते. नसेचा निरोप स्नायूला पोहोचला की तो पुसून टाकणे हे त्याचे काम. ते थांबले की तोंडाला लाळ सुटते, दरदरून घाम येतो, बाहुल्या बारीक होतात, स्नायू थरथरतात आणि श्वास कोंडतो. हे विष श्वासावाटे आणि त्वचेतूनही शरीरात जाते.

फवारणी करताना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नये. त्रास जाणवताच कपडे काढून अंग साबणाने धुवावे, उलटी करवू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. औषधाचा डबा किंवा त्याचे लेबल सोबत न्यावे. कोणते विष आहे हे कळले, तर अॅट्रोपिनसारखा उतारा देण्यात वेळ जात नाही.