व्हॉल्व्हचा गोड आवाज : घ्यावा की न घ्यावा?

माळ्यावरचा रेकॉर्ड प्लेअर खाली आला, की मागोमाग घरात एक मागणी येते : ‘आता व्हॉल्व्हचा प्रीअँप्लिफायर हवा. आवाज कसा गोड येतो!’ किंमत ऐकून पोटात गोळा येतो. पण ‘मला त्यातलं काय कळतंय’ म्हणून विषय सोडू नका. मिक्सर घेताना करतो तशी चौकशी इथंही करायची.

रेकॉर्डच्या सुईतून निघणारा विजेचा संदेश फार क्षीण असतो; बऱ्याच सुयांचा ४-५ मिलिव्होल्टच. तो वाढवून मुख्य अँप्लिफायरच्या हवाली करणं हे प्रीअँप्लिफायरचं काम. ट्रान्झिस्टर ते चोख करतो. व्हॉल्व्ह पुष्कळदा त्यात आपला थोडा रंग मिसळतो : मूळ स्वराबरोबर वरच्या सप्तकातला तोच स्वर किंचित वाजतो आणि आवाज भरलेला वाटतो. शास्त्राच्या हिशेबी हा दोषच, पण कानाला गोड लागणारा!

दुकानात एवढं जरूर विचारा :

१. आपल्या अँप्लिफायरला हे जोडता येईल का? बहुतेक घरगुती अँप्लिफायरमध्ये प्रीअँप्लिफायर आधीच असतो.

२. ‘फोनो’ची जोडणी आहे का? ती नसेल तर रेकॉर्ड प्लेअरसाठी आणखी एक डबा विकत घ्यावा लागेल.

३. व्हॉल्व्ह खरंच कामाचा, की शोभेचा? काही स्वस्त यंत्रांत त्याच्याखाली नुसता नारिंगी दिवा लावलेला असतो.

४. नवा व्हॉल्व्ह मिळेल का? काही हजार तासांनी तो थकतो. ईसीसी८३ सारखे प्रचलित व्हॉल्व्ह आजही स्लोव्हाकिया, रशिया, चीनमध्ये बनतात. अनवट जातीचा असेल तर शोधाशोध आलीच.

५. परदेशातून आणलेलं यंत्र आपल्या २३० व्होल्टवर चालेल ना?

घरी आणल्यावर त्यावर क्रोशाचा रुमाल घालू नका. ते तापतं, त्याला हवा लागते. आत बहुधा २००-३०० व्होल्ट खेळत असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकून राहतात. म्हणून झाकण उघडायचं ते जाणत्या कारागिरानंच. मुलांचे हात पोचणार नाहीत अशी जागा पाहा.

खर्चाचा क्रमही ध्यानात ठेवा. सुई झिजली असेल तर आधी ती बदला, रेकॉर्ड्स स्वच्छ करा. त्यानंतर स्पीकर. चांगल्या स्पीकरनं पडणारा फरक शेजारणीलाही कळतो. व्हॉल्व्हचा नंबर सगळ्यांत शेवटी.

तरीही मन ओढ घेतं? मग दुकानदाराकडून चार दिवस घरी मागून आणा. एकानं जोडणी बदलावी, बाकीच्यांनी डोळे मिटून ओळखीची रेकॉर्ड ऐकावी. आवाज दोन्ही वेळा सारखाच मोठा हवा, कारण जरासा मोठा आवाज नेहमीच सरस वाटतो. फरक कळला आणि हवासा वाटला, तर खुशाल घ्या. नाही कळला, तर पैसे वाचले!

हौसेला मोल नसतं, खरंच. पण पैसा साऱ्या घराचा असतो. तेव्हा कानही साऱ्या घराचे लागू द्या.