पळता न येणाऱ्या झाडाची प्रथिने

प्रथिने म्हटलं की मुलं लगेच "डाळ, अंडी, दूध" असं उत्तर देतात. पण डाळीच्या झाडाला स्वतःला प्रथिने कशाला लागतात, हे सहसा कोणी विचारत नाही. खरं तर धडा तिथूनच सुरू व्हायला हवा.

1972 साली ग्रीन आणि रायन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवलं, की किड्याने टोमॅटोचं एक पान कुरतडलं तर दूरच्या, धड पानांतही विशिष्ट प्रथिने साठू लागतात. ही प्रथिने अळीच्या पोटातल्या पाचक विकरांना अडवतात. अळी खाते, पण अन्न अंगी लागत नाही आणि तिची वाढ खुंटते.

बुरशीसाठी हत्यार वेगळं, कायटिनेज. ते बुरशीच्या पेशीभित्तिकेतलं कायटिन तोडतं. वनस्पतीची भित्तिका सेल्युलोजची, त्यामुळे तिला धक्का लागत नाही.

मग हरभऱ्यावर घाटेअळी कशी पडते? रोधक प्रथिने हरभऱ्यातही आहेतच. पण ही अळी भारी बेरकी! एक विकर अडलं की ती दुसऱ्या प्रकारचं तयार करते. म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी तिच्या नेहमीच्या खाण्यात नसलेल्या वनस्पतींची रोधकं तपासली. त्यात आपलं कडू कारलंही होतं.

पालकांसाठी एक गोष्ट. अशी रोधकं माणसाच्या पचनालाही अडवतात, सोयाबीनमध्ये तर ती भरपूर असतात. नीट शिजवल्यावर ती बरीचशी निकामी होतात, म्हणून सोयाबीन कच्चं खाऊ देऊ नये.