ओठ भरून घेतले, पण टिकणार किती दिवस?

वर्षावासाचे ग्रंथवाचन आटोपले, चहा झाला आणि मढजवळच्या एका वस्तीत आम्ही नेहमीप्रमाणे आरोग्याच्या गप्पांना बसलो. बाहेर पाऊस कोसळत होता. गुडघेदुखी, साखर, पाळीच्या तक्रारी असे सगळे बोलून झाले. बायका उठू लागल्या तेव्हा पुण्यात कपड्यांच्या दुकानात कामाला असलेली एक मुलगी आमच्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "ताई, मी ओठांत फिलर भरून घेतले होते. चार महिन्यांतच उतरले. जास्त दिवस टिकावे म्हणून काय करायचे?"

तिच्या आईने ते ऐकले. "म्हणजे तेव्हा ओठ सुजले होते ते यामुळे? मला म्हणाली गांधीलमाशी चावली!" सगळ्या हसल्या, मुलगीही हसली. तिने नऊ हजार रुपये दिले होते. दिवसभर उभे राहून कमावलेल्या पगारातले.

पूर्वी हा विषय आपल्या आरोग्य पानावर आला नसता. "हे श्रीमंतांचे चोचले" म्हणून आम्हीही पान उलटले असते. पण आता मोबाइलवर दिवसभर तेच दिसते आणि आपल्या मुली शहरात दुकानात, कॉल सेंटरमध्ये, पार्लरमध्ये काम करतात. आणखी एक गोष्ट आम्हाला खुपते. जाड ओठ आणि सावळा रंग यावरून आपल्या कितीतरी लेकींना शाळेत चिडवले गेले आहे, त्या चिडवण्यात जातही लपलेली असे. आज तेच भरलेले ओठ लोक पैसे मोजून विकत घेतात. त्यामुळे फिलर करून घेणाऱ्या मुलीला नावे ठेवायचे आमच्या मनात नाही. तिचा चेहरा, तिचा निर्णय. मात्र निर्णय घेताना तिला खरी माहिती कोणी दिली नव्हती, ती येथे देत आहोत.

ओठांत भरतात ते बहुतेक वेळा हायलुरॉनिक ॲसिडचे जेल असते. नावात ॲसिड असले तरी भाजणारे तेजाब नव्हे. हा पदार्थ आपल्या त्वचेत, सांध्यांत, डोळ्यांत मुळातच असतो आणि पाणी धरून ठेवतो. १९३४ साली अमेरिकेत कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी तो गायीच्या डोळ्यातून प्रथम वेगळा केला. शरीर स्वतःचे हे द्रव्य रोज थोडे मोडते आणि थोडे नवे बनवते. नुसते टोचले तर ते काही दिवसांतच विरून जाईल. म्हणून कारखान्यात त्याचे धागे एकमेकांत गुंफून घट्ट जेल बनवतात. गुंफण घट्ट असेल तर शरीराला ते मोडायला महिने लागतात.

ओठांत हे जेल साधारण सहा महिने ते वर्षभर टिकते. गालात जास्त टिकते, कारण गाल ओठांइतके हलत नाहीत. बोलणे, खाणे, हसणे, लेकराचा मुका घेणे, ओठ दिवसभर कामात असतात. शिवाय प्रत्येकीचे शरीर वेगळे. दोघी बहिणींनी एकाच दिवशी एकच जेल भरले तरी एकीचे आधी उतरेल.

आता मुलीचा प्रश्न. फिलर किती टिकणार याचा बराचसा निकाल पहिल्याच दिवशी लागतो. कोणते जेल, किती, कोणी आणि किती खोलवर भरले, यावर ते ठरते. नंतर घरी करण्यासारखे थोडेच उरते, पण ते नीट करावे. पहिले एक-दोन दिवस ओठ दाबू-चोळू नयेत, डॉक्टरांनी स्वतः सांगितले असेल तर गोष्ट वेगळी. चुलीच्या धगीशी बसणे, वाफ घेणे, उन्हातले जड काम आणि दारू टाळावी. एक दिवस लिपस्टिक नको. सूज आली तर स्वच्छ कापडात गुंडाळून गार शेक द्यावा, बर्फ थेट ओठाला लावू नये. दातांचे काम काढायचे असेल तर दोनेक आठवडे पुढे ढकलावे. पुढच्या काळात उन्हापासून ओठ जपावेत आणि विडी-सिगारेटपासून दूर राहावे. जास्त पाणी प्यायल्याने किंवा अमुक गोळी घेतल्याने फिलर दुप्पट टिकते, असे सांगणाऱ्या जाहिरातींवर पैसे घालवू नका.

एक मोठी फसगत मात्र बहुतेकींची होते. टोचल्यावर ओठ सुजतात आणि पहिले दोन-तीन दिवस हवे त्याहून मोठे दिसतात. सूज ओसरली की वाटते, "गेले सगळे!" खरा आकार दोन आठवड्यांनी कळतो. त्याआधीच घाईने पुन्हा भरून घेतले की जेल ओठाच्या रेषेबाहेर सरकते आणि वरच्या ओठावर मिशीच्या जागी फुगवटा दिसू लागतो. शिवाय डोळ्यांना दिसत नाही म्हणजे जेल संपले असेही नाही. एमआरआय तपासणीत काही जणांच्या चेहऱ्यात कित्येक वर्षांपूर्वी भरलेले जेल आढळले आहे. म्हणून दर चार महिन्यांनी भर घालत राहणे म्हणजे जुन्यावर नवे रचणे.

मग आम्ही तिला विचारले, भरले कोणी? डॉक्टरने नव्हे, पार्लरमधल्या एका बाईने. आणि सुईने नव्हे, "पेन"ने. हे पेन दाबाच्या जोरावर जेल कातडीतून आत ढकलते. सुई नाही, दुखत नाही, म्हणून स्वस्तात विकले जाते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये अशा बिनसुईच्या उपकरणांनी ओठ किंवा चेहरा भरू नये असा जाहीर इशारा दिला आहे. जेल किती खोल गेले, कुठे गेले, यावर चालवणाऱ्याचा ताबा राहत नाही. आत काय भरले होते, हेही मुलीला माहीत नव्हते. सीलबंद डबी दाखवली नव्हती, बॅच नंबर नव्हता, पावतीही नव्हती. चार महिन्यांत उतरले याचे आम्हाला वाईट वाटले नाही. उतरले हेच बरे झाले.

कारण "कायमचे टिकणारे" म्हणून काही ठिकाणी सिलिकॉनचे तेल भरतात. ते विरत नाही, हे खरेच आहे. म्हणून तर घात होतो. वर्षांनंतरही गाठी येतात, ते जागचे सरकते, आणि कापून काढायचे म्हटले तर ओठाचाच भाग जातो. हायलुरॉनिक जेल बिघडले तर हायलुरॉनिडेज नावाच्या इंजेक्शनने ते विरघळवता येते. सिलिकॉनवर असा उतारा नाही. तेव्हा कोणी "एकदाच भरा, जन्मभर टिकेल" म्हणाले तर तेथून उठून यावे.

जेल चांगले असले तरी धोका आहे. ओठांत रक्तवाहिन्यांचे जाळे आहे. जेल चुकून रक्तवाहिनीत गेले किंवा तिच्यावर दाब आला तर रक्तपुरवठा तुटतो. सोसवणार नाही इतके दुखते, कातडी पांढरी फटक पडते, मग निळसर जाळीदार डाग उमटतात. क्वचित नजरेवरही परिणाम होतो. सावळ्या कातडीवर पांढरेपणा पटकन लक्षात येत नाही, म्हणून दुखण्याकडे आणि डागांकडे जास्त लक्ष द्यावे. अशा वेळी सकाळपर्यंत वाट पाहायची नसते, काही तासांत विरघळवणारे इंजेक्शन मिळाले पाहिजे. फिलर पुण्यात भरले आणि रात्री मुक्कामाला मढला आलो, तर काय? वस्तीपासून पुणे तीन-चार तासांवर, आणि पावसाळ्यात माळशेज घाटात दरड आली की कल्याणकडचा रस्ता बंद. म्हणून पहिले दोन दिवस ज्याने भरले त्याच शहरात राहावे आणि त्याचा रात्रीचा फोन नंबर आधीच घेऊन ठेवावा. फोन लागला नाही तर १०८ ला कळवून मोठ्या रुग्णालयात जावे. तिथे "ओठात फिलर भरले आहे" हे न लाजता पहिल्या वाक्यात सांगावे. लाजेपायी वेळ गेला की ओठाचे मांस मरते.

हे काम त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनचे. डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आहे का, ते पाहता येते. भिंतीवर चौकट करून लावलेले "कोर्स पूर्ण" चे प्रमाणपत्र म्हणजे नोंदणी नव्हे. सिरिंजची डबी आपल्यासमोर फोडायला सांगा, त्यावरचे लेबल जपून ठेवा. ओठांवर वारंवार ज्वराचे फोड येत असतील, रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर आधी सांगा. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. पोटुशी किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने हे करू नये. अमेरिकेत ओठांच्या फिलरला २१ वर्षांवरील व्यक्तींसाठीच मान्यता आहे. दहावी-बारावीच्या मुलींच्या आयांनी हे ध्यानात ठेवावे.

पैशाचाही हिशेब करू. चांगल्या डॉक्टरकडे एक सिरिंज २० हजारांना धरली आणि निव्वळ सौंदर्यासाठीच्या उपचारावर लागणारा १८ टक्के जीएसटी मिळवला तर २३,६०० रुपये होतात. नऊ महिने टिकले आणि तसेच ठेवायचे ठरवले तर तीन वर्षांत चार वेळा, म्हणजे ९४,४०० रुपये. बचत गटातून कर्ज उचलून हे करू नये, एवढे आम्ही स्पष्ट सांगितले. मुलगी बोटांवर मोजत राहिली आणि म्हणाली, "एवढ्यात तर स्कूटी येते."

जन्मतः फाटलेला ओठ, अपघात, भाजणे यासाठीच्या शस्त्रक्रियेला मात्र हा कर नाही, कारण तो सौंदर्याचा नव्हे, उपचाराचा भाग मानला जातो. असे फाटक्या ओठाचे बाळ वस्तीत असेल तर ग्रहणाचा दोष म्हणत घरी बसवू नका. आशाताईंना किंवा अंगणवाडीत सांगा. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही शस्त्रक्रिया मोफत होते, ओठाची साधारण तीन महिन्यांपासून करता येते. चेहरा दुरुस्त करण्याची विद्या आपल्या पुणे मुलुखाला नवी नाही. १७९२ च्या लढाईत टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक पुण्याजवळ कपाळाची कातडी घेऊन पुन्हा बनवले गेले. त्याची हकिकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली आणि ती वाचून पुढे विलायतेतील सर्जन हे तंत्र शिकले. ते नाक बनवणारा हात विटा घडवणाऱ्या जातीतील एका कारागिराचा होता. हे आपल्या मुलांना शाळेत सांगितले जात नाही, म्हणून येथे सांगितले.

एवढे बोलणे होईपर्यंत मुलीची आई मिश्रीची डबी उघडून बसली होती. भाजलेल्या तंबाखूची ही पूड आपल्या भागात सकाळी दात घासायला म्हणून हातात येते आणि दिवसभर सुटत नाही. ओठांचा सगळ्यांत जुना वैरी हाच. ओठ काळे पडतात, हिरड्या सुटतात, आणि पुढे तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, मिश्री मात्र प्रत्येक घरच्या तव्यावर भाजली जाते. आम्ही सहज म्हटले, "मावशी, खालचा ओठ जरा बाहेर ओढून दाखवा."

ओठाच्या आत, जिथे त्या मिश्री धरतात तिथे, नखाएवढा पांढरा चट्टा होता. पुसून जात नव्हता. दुखत नाही म्हणून त्यांनी कधी कोणाला सांगितला नव्हता. असा प्रत्येक चट्टा कर्करोग नसतो, हे आम्ही सांगितले. पण दोन आठवड्यांहून जास्त राहिलेला पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड उघडायला त्रास, यांतले काहीही असेल तर दाखवलेच पाहिजे. लागले तर लहानसा तुकडा काढून तपासतात.

मुलगी गप्प झाली. मग तिने आईच्या हातातली डबी घेऊन स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि दुकानात फोन लावून सोमवारची सुट्टी मागितली. जुन्नरच्या ग्रामीण रुग्णालयात दातांच्या डॉक्टरांकडे दोघी जाणार आहेत. मावशींनी सोमवार सकाळपुरती चिमूटभर मिश्री कागदाच्या पुडीत बांधून मागितली, ती काही कोणी दिली नाही.