राहुल भेके : जिथं काम तिथं मुक्काम



फुटबॉल म्हटलं की आपली पोरं मेस्सी, रोनाल्डोचं नाव घेतात. आज एका मराठी खेळाडूची गोष्ट सांगतो. राहुल भेके, मुंबईचा, जन्म ६ डिसेंबर १९९०. हा बचावपटू आहे. म्हणजे समोरच्याला गोल करू द्यायचा नाही, हे त्याचं काम. गोल करणाऱ्याचा फोटो छापून येतो, अडवणाऱ्याचा सहसा येत नाही.

सुरुवातीला तो मुंबई एफसीत होता, मग कोलकात्याच्या ईस्ट बंगालमध्ये गेला. तेव्हा देशात दोन लीग चालायच्या. एक जुनी आय-लीग आणि दुसरी २०१४ ला सुरू झालेली आयएसएल. आयएसएल तेव्हा दोन-अडीच महिन्यांतच संपायची. त्यामुळं खेळाडूचा करार एका क्लबाशी आणि थोडे महिने काम दुसऱ्याकडं, असं चालायचं. भेके २०१५ ला केरळ ब्लास्टर्सकडून खेळला, २०१६ ला एफसी पुणे सिटीकडून. दरवर्षी नवं गाव, नवा कोच, नवे सोबती. त्यातला पुणे सिटी क्लब तर २०१९ ला बंदच पडला.

२०१७ ला तो आपल्या कर्नाटकात, बेंगळुरू एफसीत आला. इथं त्याचा जम बसला. एप्रिल २०१८ ला सुपर कपच्या फायनलला समोर त्याचाच जुना क्लब ईस्ट बंगाल होता. बेंगळुरू एका गोलनं मागं असताना बरोबरीचा गोल भेकेनंच केला. शेवटी सामना ४-१ नं जिंकला.

१७ मार्च २०१९. आयएसएलची फायनल, समोर एफसी गोवा, मैदान मुंबईचं. नव्वद मिनिटांत गोल नाही. जादा वेळही संपत आला. आता पेनल्टीच, असं वाटत असताना कॉर्नरवर भेकेनं डोकं लावलं. १-० ! बेंगळुरूचं हे पहिलं आयएसएल विजेतेपद, आणि तेही त्याच्या जन्मगावी.

२०२१ ला तो मुंबई सिटीत गेला. एप्रिल २०२२ ला सौदीतल्या रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबाविरुद्ध त्याच्या हेडरनं मुंबई २-१ नं जिंकली. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबाचा तो पहिला विजय. मे २०२४ ला कॅप्टन म्हणून आयएसएल कप उचलला आणि मग पुन्हा बेंगळुरू गाठलं.

भारताकडून पहिला सामना २०१९ ला खेळला. पहिला गोल मात्र मार्च २०२५ ला, शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध. तेव्हा वय ३४. या वयात बरेच जण बूट काढून ठेवतात.

आता दुसरी बाजूही सांगतो. जुलै २०२५ मध्ये लीगचा करार लटकला, आयएसएल पुढं ढकलली. ऑगस्टमध्ये बेंगळुरूनं पहिल्या संघाचे पगार थांबवले. तळं आटलं की आपण जाळं गुंडाळून बसतो, तसंच झालं. देशाकडून खेळणाऱ्याचीही पगाराची खात्री नाही.

म्हणून पालकांना एवढंच सांगणं : पोराला मैदानावर जरूर पाठवा, पण शाळा सुटू देऊ नका. आणि तुमचं पोरगं संघात मागं, बचावाला उभं राहत असेल तर नाराज होऊ नका. त्याला भेकेची गोष्ट सांगा.