ठिणगीचेही आयुष्य असते

सिग्नलला उभे असताना इंजिन थरथरते, चढावर पिकअप कमी वाटतो, अॅव्हरेज घसरते. मेकॅनिकच्या भाषेत गाडी ‘मिसिंग’ मारते. अशा वेळी संशय आधी स्पार्क प्लगवर घ्यावा, कारण तो झिजतोच आणि तपासायलाही सोपा असतो. (डिझेल गाडीत हा प्लग नसतो, तिथे इंधन दाबाने तापलेल्या हवेतच पेटते.)

प्लगच्या टोकाशी दोन इलेक्ट्रोडमध्ये साधारण एक मिलिमीटरची फट असते. ती ओलांडून हजारो व्होल्टची ठिणगी पडते आणि इंधन पेटते. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी लागते. गाडी ताशी ६० किलोमीटरने जात असेल आणि इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर एका किलोमीटरला हजार ठिणग्या झाल्या. ४० हजार किलोमीटरला चार कोटी! प्रत्येक ठिणगी धातूचा सूक्ष्म कण उडवते, फट रुंदावते आणि ती ओलांडण्यासाठी व्होल्टेज अधिक लागते. हा ताण इग्निशन कॉइलवर येतो, आणि कॉइल प्लगपेक्षा बरीच महाग असते.

किती टिकेल, हे मुख्यतः धातूवर ठरते. साधे निकेलचे प्लग ३० ते ५० हजार किलोमीटर चालतात. निकेल १४५५ अंश सेल्सिअसला वितळते, प्लॅटिनम १७६८ ला, तर इरिडियम २४४६ अंशांना. म्हणून प्लॅटिनम किंवा इरिडियमचे टोक असलेले प्लग अनेकदा लाखाच्या घरात जातात. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते. त्या गाड्यांचे प्लग लवकर बदलावेत. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतलाच धरावा.

ठिणगी चुकली की न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेने बाहेर पडते. पीयूसी तपासणीत जे हायड्रोकार्बन मोजतात, ते हेच. काही हायड्रोकार्बन उन्हात नायट्रोजनच्या ऑक्साइडशी मिळून जमिनीलगतचा ओझोन तयार करतात, आणि दमेकऱ्यांना तो फार त्रास देतो. शिवाय हे इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून त्याला जाळू शकते. चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला तर गाडी दामटू नये.

प्लगला पॉलिश पेपर मारून तोच परत बसवण्याची जुनी सवय इरिडियमच्या बाबतीत घातक आहे. ते बारीक टोक त्यात खराब होते. प्लग इंजिन थंड असतानाच काढावा, नाहीतर अॅल्युमिनियमच्या हेडचे आटे जायचे. आणि काढलेला प्लग लगेच फेकू नका, मेकॅनिककडून मागून पाहा. टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिन ठीक आहे. कोरडी काजळी असेल तर इंधन जास्त जात असावे. तेलकट ओल दिसली, तर नुसता प्लग बदलून भागणार नाही.