सी: दोन भाषांमधला दुवा
जबलपूरच्या सदर बाजारात मराठी आणि पंजाबी घरांतली माणसं भेटली की हिंदीत बोलतात. प्रोग्रामिंगमध्ये ती जागा सी भाषेची आहे. १९९१ साली आलेल्या पायथनमधून आपण समीकरणं सोडवतो, तेव्हा नमपाय हा तयार प्रोग्रामांचा संच ते काम लॅपॅक या दुसऱ्या संचाकडे सोपवतो. लॅपॅक मुळात फोरट्रानमध्ये, म्हणजे १९५७ साली आलेल्या भाषेत लिहिलेलं आहे. पायथन आणि फोरट्रानची गाठ सीच्या ठरलेल्या पद्धतीने पडते: कोणता आकडा किती बाइटचा, तो कुठे ठेवायचा. खरी मेख मात्र आकड्यांच्या कोष्टकात आहे. सी ते ओळीओळीने साठवते, फोरट्रान स्तंभास्तंभाने. हे विसरलं तर प्रोग्राम अनेकदा थांबतही नाही, नुसतं उत्तर चुकतं. म्हणून मला हीच चूक सर्वांत घातक वाटते. शिवाय दोन भाषांच्या या व्यवहारात घेतलेली मेमरी कोणी परत करायची, हेही आधीच ठरवावं लागतं.