पदवी तीच, मोल निराळे

बारावीचा निकाल लागला की परळी वैजनाथमधील घराघरांत एक जुनाच हिशेब नव्याने मांडला जातो. एका बाजूस छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचे विद्यापीठ आणि त्याच्याशी संलग्न असलेली परळी-अंबाजोगाईची महाविद्यालये असतात. दुसऱ्या बाजूस पुण्याकडील खाजगी विद्यापीठे आणि त्यांची गुळगुळीत माहितीपत्रके. मुलाचे आयुष्य घडवावयाचे तर पैशाकडे पाहून चालत नाही, असे अशा वेळी कोणी तरी वडीलधारा हमखास म्हणतो. ते खोटे नाही. परंतु परळीत पैशाकडे पाहणे म्हणजे पुष्कळदा जमिनीकडे पाहणे असते.

१९७१ पासून चालू असलेल्या औष्णिक वीज केंद्राने या गावात नियमित पगाराचा एक वर्ग निर्माण केला. त्या वर्गाला लाखांतील वार्षिक शुल्क ओढाताण करून का होईना, पेलते. तालुक्याचा उरलेला भाग मात्र मुख्यतः कोरडवाहू आहे. २०१३ साली तर पाण्याअभावी खुद्द वीज केंद्रच बंद ठेवावे लागले होते. दसरा-दिवाळी उलटली की मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे कोयते घेऊन साखर कारखान्यांची वाट धरतात. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास बँका सामान्यतः तारण मागत नाहीत. त्यापुढील रकमेस मागतात, आणि शेतजमिनीचे तारण त्यांना फारसे रुचत नाही, कारण बँकांना तारणवसुलीचे थेट अधिकार देणाऱ्या २००२ च्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. मग उरतो तो सावकार, नाही तर खरेदीखत. केंद्र सरकारने २०२४ मध्ये विनातारण कर्जाची नवी योजना आणली खरी, पण ती गुणवत्तेच्या निकषावर निवडलेल्या संस्थांपुरतीच आहे. आपल्या पाल्याची संस्था त्या यादीत आहे की नाही, हे माहितीपत्रकातील चित्रे पाहण्यापूर्वी पाहिलेले बरे.

मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ फार उशिरा मिळाले. निजामी राजवटीत उच्च शिक्षण म्हणजे १९१८ साली स्थापन झालेले हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ, आणि तेथील माध्यम उर्दू. डॉ. आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय काढले आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. ज्याच्याजवळ ना जमीन ना पैसा, त्याला आयुष्यात वर येण्याचा हाच एक दरवाजा होता. या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून १९७८ पासून १९९४ पर्यंत लोक का झगडले आणि त्यापायी काहींनी प्राणही का गमावले, हे त्याशिवाय उमजत नाही.

खाजगी शिक्षणाची कथा वेगळी आहे. महाराष्ट्रातील मुले भरमसाट देणग्या मोजून कर्नाटकात जात. तो पैसा राज्यातच राहावा, या विचाराने १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. देणग्यांचा रोग सीमा ओलांडून घरात आला, तेव्हा १९८७ मध्ये देणगीबंदीचा कायदा करावा लागला. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निम्म्या जागा गुणवत्तेवर कमी शुल्कात देण्याची पद्धत घालून दिली. २००२ मध्ये त्याच न्यायालयाने पै खटल्यात ती मोडीत काढली. पुढे अभिमत विद्यापीठे वाढली आणि गेल्या दशकात स्वतंत्र कायद्यांनी स्थापन झालेली स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे आली. शिक्षणाचा भार सरकारने टप्प्याटप्प्याने खांद्यावरून उतरविला, आणि तो अलगद पालकाच्या खांद्यावर आला.

आता या जादा पैशाने नेमके काय विकत मिळते, ते पाहावयास हवे. पदवी नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील कलम २२ अन्वये रीतसर स्थापन झालेल्या प्रत्येक विद्यापीठाची पदवी कायद्याच्या लेखी सारखीच. लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेस बसणाऱ्याची पदवी सार्वजनिक विद्यापीठाची की खाजगी, याने त्याच्या पात्रतेत तिळमात्र फरक पडत नाही. स्पर्धा परीक्षेचाच मार्ग धरावयाचे ठरविलेल्या मुलासाठी कला वा वाणिज्य शाखेच्या पदवीवर लाखो रुपये घालविणे हा शुद्ध अव्यवहार आहे. अभियांत्रिकीत थोडे निराळे घडते. तेथे प्रयोगशाळा, कंपन्यांशी संबंध आणि सोबतचे विद्यार्थी यांना मोल असते, आणि काही खाजगी संस्थांनी ते खरोखरच निर्माण केले आहे. सगळ्याच संस्थांनी केलेले नाही, एवढे मात्र खरे. वैद्यकीय शिक्षणात तर तुलनाच संपते. परळीपासून जेमतेम २५ किलोमीटरांवर अंबाजोगाईस १९७० च्या दशकात ग्रामीण भागासाठी म्हणून काढलेले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे वर्षाला लाख-दीड लाखाच्या आसपास जे शिकता येते, त्यालाच अभिमत विद्यापीठांत २० लाखांच्या पुढे पडतात. येथे निवड पालक करीत नाही. प्रवेशपरीक्षेतील गुण करतात.

परंतु सार्वजनिक विद्यापीठ स्वस्त आहे म्हणून तेच निवडा, असा सल्ला देऊन मोकळे होणे हीही फसवणूकच ठरेल. मुलगा वर्गात जातो आणि वर्गात शिक्षक नसतो, ही तक्रार काल्पनिक नाही. राज्यातील अनुदानित महाविद्यालयांसाठी नोव्हेंबर २०१८ मध्ये सहायक प्राध्यापकांच्या ३५८० जागा भरण्यास मान्यता मिळाली. त्यांतील २०८८ जागा तशाच राहिल्या आणि त्यांच्यासाठी २०२१ मध्ये पुन्हा मान्यता द्यावी लागली. तोवर तासिका तत्त्वावरील माणसे ती पोकळी भरत राहिली. नेट-सेट उत्तीर्ण, क्वचित डॉक्टरेटही मिळविलेला हा शिक्षक वर्षभराच्या नेमणुकीवर, तासाच्या हिशेबाने मानधन घेऊन शिकवितो, आणि सुटीच्या महिन्यांत त्याच्या हाती काहीच पडत नाही. खाजगी विद्यापीठाची जाहिरात पालकाला पुण्याकडे जेवढी ओढते, त्याहून अधिक ही रिकामी खुर्ची त्याला गावातून ढकलते. जो पालक शेत विकतो, तो शिक्षणाचा चाहता म्हणून विकतो असे नव्हे. पुष्कळदा त्याला हाताशी असलेल्या महाविद्यालयाचा भरवसा उरलेला नसतो.

या हिशेबात मुलीची रक्कम कोठे मांडली जाते, हे पाहिले की चित्र पुरते होते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे अवघ्या ८०७ मुली आढळल्या. त्या गणनेतील मुले-मुली आता बारावी होऊन बाहेर पडत आहेत. मुलगा पुण्याच्या विद्यापीठात आणि मुलगी गावातल्या महाविद्यालयात, अशी वाटणी अनेक घरांत न बोलता होते, आणि ‘मुलीला दूर कशाला’ हे तिचे ठरलेले समर्थन असते. जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने या वाटणीत थोडी चलबिचल केली आहे. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबातील, इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. ही माफी सरकारी, अनुदानित आणि विनाअनुदानितही महाविद्यालयांना लागू झाली. खाजगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे मात्र तीतून वगळली गेली, आणि व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशही. म्हणजे ज्या मुलीच्या शिक्षणावर घरात वादच नको होता, तिच्या अभियांत्रिकीचे शुल्क आज शून्यावर आले आहे. अट एवढीच की, प्रवेश राज्याच्या केंद्रीय प्रक्रियेतूनच घेतला पाहिजे. वसतिगृहाचा आणि खाणावळीचा खर्च तेवढा घराला करावा लागतो. शिवाय तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला काढावा लागतो, आणि उसाच्या फडावरून परतलेल्या बापाला ते काम प्रवेशाचे अर्ज सुरू होण्याआधी उरकून घ्यावे लागते.